अर्ध्या काचेवरची काळी फिल्म

मित्रांनो, एका जुन्या राखाडी गाडीची मी पुढची काच. माझ्यातून जग बघणारे पुष्कळ, पण मला विचारतो कोण? म्हणून आज मीच बोलते.

भट्टीच्या धगीत माझा जन्म झाला. दोन पातळ काचा आणि मधे एक पारदर्शक पापुद्रा, असं माझं अंग. दगड लागला तर तडकावं, पण आतल्या माणसाच्या अंगावर सांडू नये, हा माझा धर्म. कारखान्यातून निघाले ती थेट या गाडीला चिकटले.

आमच्या मालकांचं लाकडी सामानाचं मोठं दुकान होतं. तेव्हा गाडी चालवायला माणूस होता आणि मालक मागे ऐसपैस बसायचे. रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसलं जाई. ‘काच बघा, आरशासारखी!’ असं येणारे-जाणारे म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढे दुकानाला उतरती कळा लागली आणि एक दिवस ते बंद झालं. मालकांनी स्वतःच चाक हातात घेतलं. गाडी भाड्याने फिरू लागली. ज्यांच्या घरी मालकांनी पलंग आणि कपाटं पोहोचवली होती, तीच माणसं आता मागच्या सीटवर बसून ‘डावीकडे घ्या’ म्हणू लागली. सिग्नलला ओळखीचं कुणी दिसलं की मालक मान खाली घालून उगाच काहीतरी शोधत बसायचे. मी समोरच असल्याने मला त्यांचे लाल झालेले कान दिसायचे. त्यांची थोरली मुलगी कॉलेजला जाताना फाटकाच्या अलीकडच्या वळणावरच उतरू लागली.

मग मालकांच्या मनाने घेतलं, पुढच्या काचेला काळी फिल्म लावायची. घरी त्यांनी उन्हाचं निमित्त सांगितलं. त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, की इतकी वर्षं हेच ऊन नव्हतं का.

फिल्म लावणाऱ्याने आधीच सांगितलं, की पुढच्या काचेला अशी फिल्म नियमात बसत नाही, संध्याकाळी दिसायलाही त्रास होतो. तरी मालकांचा हट्ट पाहून त्याने साबणाचं पाणी मारलं आणि चालकाच्या बाजूच्या अर्ध्या भागावर एक तुकडा बसवून दिला. एक चक्कर मारून या, मग ठरवा, म्हणाला. खरं सांगू, मलाही तो गारवा बरा वाटला. आज ते आठवलं की मान खाली जाते.

चक्कर मारायला निघालो तेव्हा थोरली बापाशेजारी बसली होती. दिवस कलला होता. लाकडाच्या वखारींच्या गल्लीत गाडी वळली आणि माझ्या काळ्या भागातून एक सावली हलल्यासारखी झाली. सावली कसली, माणूस होता! मालकांनी ब्रेक दाबला. गाडी त्याला लागली नाही, पण तो दचकून मागे सरकला, अडखळला आणि रस्त्यावर बसला. हातातला डबा गडगडत गेला.

ते पॉलिशकाका होते. दुकानातल्या प्रत्येक खुर्ची-टेबलाला चकाकी आणलेली ती त्यांच्याच हातांनी. दुकान बंद होणार हे मालकांनी त्यांना तोंडाने कधी सांगितलं नव्हतं. एका सकाळी कामावर आले तेव्हा दाराला कुलूप दिसलं, एवढंच.

मालकांनी त्यांना ओळखलं. आणि मित्रांनो, ते उतरले नाहीत. हात चाकावर तसेच ठेवून ते माझ्या काळ्या भागामागे बसून राहिले. मी काच. वितळून जाणं माझ्या हातात असतं, तर तेव्हा वितळले असते.

थोरली मात्र स्वच्छ भागामागे होती. काकांनी तिला पाहिलं. ती दार उघडून धावली, त्यांना हात दिला, डबा उचलून आणला. त्यांनी तिच्या वडिलांची चौकशी केली. ती परत आली आणि खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, “बाबा, ते तुम्हाला विचारतायत.”

तेव्हा कुठे मालक उतरले.

काकांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. “मालक, गाडी तुम्हीच चालवता?”

“हो. भाड्याने चालवतो.”

“मग मला घरी सोडा. गुडघा वळत नाहीये.”

मालकांनी आधी दवाखान्याचं विचारलं. काकांनी मानेनेच नको म्हटलं. थोरली मागे बसली आणि काका पुढे. मग मालक रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “काका, दुकान बंद होतंय हे मी तुमच्याकडे येऊन सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

काका चटकन ‘जाऊ द्या’ म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “हो. सांगायला हवं होतं.”

पुढे घर येईपर्यंत ते पॉलिशच्या कामाबद्दल बोलत राहिले. आता ते दुसऱ्या वखारीत जात होते. उतरताना त्यांनी मालकांचा हात धरला, पण तो दुखऱ्या गुडघ्याला आधार म्हणून.

आम्ही तडक फिल्मवाल्याकडे परतलो. मालकांनी तो तुकडा स्वतःच्या नखांनी सोलून काढला. फिल्मवाल्याने नुसतं पाणी मारून दिलं.

मालकांची लाज तेवढ्याने सरली नाही. ओळखीचं माणूस दिसलं की कान अजून लाल होतात. फरक इतकाच, की आता हात आधी त्यांचा वर जातो. कुणी ओळख दाखवतं, कुणी तोंड फिरवतं. दोन्ही मला दिसतं, त्यांनाही दिसतं.

मित्रांनो, बाहेरची धूळ सगळेच पुसतात. माझ्या आतल्या बाजूलाही श्वासांची, धुराची पुटं चढतात, ती कुणाच्या ध्यानात येत नाहीत. एक कोरडं फडकं आतूनही फिरवत जा. रस्त्यावरचा माणूस तुम्हाला दिसला पाहिजे, आणि तुम्ही त्याला.