फाटकावरची राखण

इंग्लंडातल्या डेव्हनमधल्या त्या गावात चर्चच्या दफनभूमीच्या दगडी कमानीला कायमचा एक राखणदार असे. सर्वांत शेवटी पुरलेला माणूस, तो राखणदार. पुढचं प्रेत आत येईपर्यंत फाटक त्यानं सांभाळायचं, मग त्याची सुटका. पाद्रीबाबा याला खुळचटपणा म्हणत. म्हणोत बापडे. त्यांचं कोणी अजून त्या भिंतीआड गेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात राखण टॅमसिनच्या लेकीकडं, केझियाकडं आली. वय वर्षं पाच. बदकांनासुद्धा भिऊन आईच्या झग्यात तोंड लपवणारी पोर!

टॅमसिन रोज संध्याकाळी कमानीखाली, शवपेटी टेकवायच्या दगडावर येऊन बसे आणि भिंतीशी बोले. "भिऊ नको गं बाळे. मी आहे ना इथं." अंधार पडला की मात्र उठावंच लागे, घरी तान्हं रडत असे. लेकीला तिथं एकटी सोडून जाताना तिचं काळीज तुटायचं.

अशात शेजारच्या जेबेझकाकांनी खोकल्यानं अंथरूण धरलं. टॅमसिन त्यांना रोज मटणाचं सूप पाजू लागली. गाव म्हणालं, पोटची पोर गेली तरी केवढी ही माया! ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. चमचा त्यांच्या तोंडाशी नेताना तिच्या मनात एकच येई, मरा ना हो एकदाचे.

म्हातारा खमका. सूप पिऊन उलट उठून बसला.

"तुझ्या सुपानंच घोटाळा केला, पोरी," काका म्हणाले. "नाहीतर एव्हाना पोचलो असतो फाटकावर."

टॅमसिननं चमचा वाटीत ठेवला.

"अगं, मला कळत नाही होय? इथं तरी माझं कोण उरलंय? गेलो की पहिलं तिलाच सांगेन, जा बाळ, आता मी बघतो."

त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसून ती ओक्साबोक्शी रडली. दुसऱ्या दिवसापासून सूप आणखी दाट करू लागली.

काका गेले ते वसंतात, शेतात कोकरं बागडत असताना. पेटी त्याच दगडावर टेकली, पाद्रीबाबा सामोरे आले, फाटक उघडलं. टॅमसिननं सुस्कारा सोडला. सुटली पोर.

संध्याकाळी सवयीनं तिचे पाय कमानीकडंच वळले. दगडावर बसून तिनं हाक मारली, "केझे..." आणि तिथंच थांबली. केझी आता फाटकाशी नव्हती. जिथं गेली तिथं आईची हाक पोचणार नव्हती. सबंध हिवाळा मागितलेलं मिळालं होतं, आणि लेक खरी गेली ती आज.

बऱ्याच वेळानं तिनं भिंतीला डोकं टेकलं.

"जेबेझकाका," ती हळूच म्हणाली, "जाताना मागं वळून पाहिलं का हो तिनं?"