नामिएच्या खुब्याची विचारपूस

नामिए माझी भावजय. बर्फाच्या उतारावर तिचा छोटा ट्रक घसरून भिंतीवर आदळला, गुडघा समोर आपटला आणि मांडीच्या हाडानं खुब्याची वाटी फोडली. डॉक्टर हिगुचींनी पट्टी आणि स्क्रू लावून ती वाटी जुळवली. त्याला दीड वर्ष झालं. नामिएचा प्रश्न एकच होता, पुन्हा समुद्रात बुडी मारता येईल का? सोळाव्या वर्षापासून ती तळाचे शंख आणि कालवं काढत आली होती. दुसरं काही तिला येतही नव्हतं, आवडतही नव्हतं.

तपासणीला मी गाडी चालवायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. दार अर्धं उघडं असायचं.

"दुखतं का?"

"तुमच्या कृपेनं बरी आहे."

"मोजे स्वतः घालता?"

"कृपेनं, सगळं जमतं."

आणि घरी ही बाई शेगडीच्या चिमट्यानं मोजा पायावर ओढायची!

"अगं, चिमट्याचं सांग की त्यांना," मी म्हणायचे.

"वन्सं, तो माणूस माझ्यासाठी सहा तास उभा राहिला. त्याच्या तोंडावर दुखतं म्हणू? त्याच्या कामाला नावं ठेवल्यासारखं होईल."

"मग चिमट्यालाच नमस्कार कर रोज."

"करतेच. तुमच्यापेक्षा तोच उपयोगी पडतो."

आमच्याकडे असंच आहे. जेवलो, निजलो, उठलो, सगळं कृपेनं. शरदात देवळात प्रवचनकार येतात आणि गात गात सांगतात, की पाऊल उचलतं ते आपल्या बळानं नाही, अमिताभ बुद्धाच्या करुणेनं. त्यांचा सूर चढला की माझे डोळे भरतात. नामिए शेजारी खुर्चीवर बसून हात जोडायची. गेल्या खेपेला मात्र प्रवचन चालू असताना तिचे ओठ पांढरे पडले होते. ते सुरानं नव्हे.

म्हणून या वेळी मी सरळ तिच्या मागोमाग आत शिरले.

"दुखतं का?"

"कृपेनं..."

"खोटं बोलते ती, डॉक्टर," मी म्हटलं. "रात्री कूस बदलताना उशी चावते."

नामिए कानापर्यंत लाल झाली. "वन्सं, पुरे!"

डॉक्टरांनी नव्यानं फोटो काढायला लावले, मग मोठ्या यंत्रात निजवलं. दुपारी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. वाटी छान जुळली होती. पण वाटीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा, त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. गोळा आतून मेला होता आणि आता एका बाजूनं बसत चालला होता.

"दुखतंय म्हणाला असतात, तर मी हे आधी पाहिलं असतं," डॉक्टर म्हणाले.

"मग वाचला असता?" मी विचारलं.

त्यांनी पडद्यावरच्या गोळ्यावर बोट ठेवलं. "तेही सांगता येत नाही. अशा मारानंतर काही जणांचं असं होतं, शस्त्रक्रिया चांगली झाली तरी."

म्हणजे दोष द्यायलाही कुणी उरलं नाही.

"कृत्रिम सांधा बसवू. चालता येईल."

"आणि बुडी?" नामिएनं विचारलं. "पाण्यात अंगाला वजन नसतं, डॉक्टर."

"खडकावर वाकून उतरायचं, लाटेत पाय मारायचे... सांधा निखळेल. तिथे तुम्हाला कोण काढणार? नाही, नामिएबाई. बुडी नाही."

ती उठली, काठीवर टेकून जितकं वाकता येईल तितकं वाकली. "तुम्हाला फार त्रास दिला," म्हणाली. डॉक्टरही उठून वाकले. दोघंही लवकर सरळ होईनात.

परतीचा रस्ता समुद्राच्या कडेनं जातो. मी डोंगराकडचा धरला. तिच्या लक्षात आलं. घाट चढल्यावर म्हणाली, "वन्सं, ते प्रवचनातलं गा ना काहीतरी."

मला ते सगळं पाठ आहे. मी सुरुवात केली. पाऊल उचलतं ते, इथपर्यंत आले आणि पुढचं तोंडातून निघेना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडले.

"राहू द्या," ती म्हणाली. "काच वर घ्या. थंडी वाजतेय मला."