खाजगी, अकरा किलोमीटर

मोतीराम गायखेला अख्खं ऑफिस भोळा म्हणायचं. ऑफिसात भोळा म्हणजे काय, ते सांगायला नको. ज्याच्या मागे हसता येतं आणि गरज पडली की ज्याच्यापुढे हात पसरता येतो, तो भोळा.

अंबडच्या एका पंपांच्या कंपनीत तो फिरता मेकॅनिक होता. कुठे मोटार जळली, कुठे पंप पाणी उचलेना, की हा आपली मोटरसायकल काढून निघायचा. आज वणी, उद्या विंचूर, परवा पार सुरगाण्याचे घाट. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं; कंपनी त्यापोटी दर महिन्याला भत्ता द्यायची. या भत्त्यातले जेवढे पैसे खरोखर कंपनीच्या कामासाठी गाडी फिरवण्यात गेले, तेवढ्यावर प्राप्तिकर माफ. बाकीचे पगारात धरायचे आणि त्यावर कर भरायचा. नियम सरळ होता. नियमाला कुणाचं काय वाईट करायचंय? वाट लावतात ती माणसं.

फेब्रुवारी लागला की ऑफिसात कोऱ्या बिलांचा मोसम यायचा. कुणाच्या तरी ओळखीच्या पेट्रोल पंपावरून कोऱ्या बिलांचा गठ्ठा यायचा, आणि मग जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून मंडळी बिलं भरायला बसायची. निळं पेन, काळं पेन, मधूनच बॉलपेन. दत्तू तिडके तर अक्षर वेगळं दिसावं म्हणून डाव्या हाताने लिहायचा आणि वर आपली ही कला सगळ्यांना दाखवायचा. वर्षभर घरी बसून गाडी पुसणाऱ्याचीही बिलं भरगच्च. मोतीराम मात्र सुरगाण्याकडे किराणा दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घ्यायचा. त्याचं कोण देणार बिल? म्हणजे जो खरा फिरायचा त्याच्याकडे कागद नाही, आणि ज्यांच्याकडे कागद ते खुर्चीतून हलले नाहीत. मोतीरामला या सगळ्याची किळस यायची. पण तो डबा खायचा आणि उठून जायचा. बोलायचं नाही, हा त्याचा मोठा दोष.

२००२च्या फेब्रुवारीत पुण्याच्या मुख्य ऑफिसातून पत्र आलं. नुसती बिलं चालणार नाहीत; तारीख, ठिकाण, काम आणि किलोमीटर, अशी रोजच्या रोज लिहिलेली वही हवी. ज्याची वही नाही, त्याच्या सगळ्या भत्त्यावर कर कापला जाईल.

सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. वही होती फक्त मोतीरामकडे. सहा वर्षं तो दर वर्षाला एक वही लिहीत होता. सकाळी मीटरचा आकडा, संध्याकाळी मीटरचा आकडा, मधली प्रत्येक फेरी. आशाला, म्हणजे बायकोला, माहेरी विंचूरला सोडलं तर पुढे स्वच्छ लिहायचा, खाजगी. आकडा जुळला नाही तर त्याला जेवण जायचं नाही. या वहीवरून ऑफिसने त्याला काय काय चिडवलं होतं, ते सांगत बसलो तर रात्र होईल. आता तेच लोक मोतीरामभाऊ, मोतीरामभाऊ करत आले. दत्तू म्हणाला, नमुना म्हणून बघतो, कसं लिहितात ते कळू दे, दोन दिवसांत परत करतो. मोतीरामने दिली. भोळाच तो.

दत्तूने नमुना बघितला नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उतरून काढली. त्या वर्षी एकाच फेरीपुढे खाजगी लिहिलं होतं; ती फुकट जातेय असं दिसल्यावर तिच्यापुढेही काम लिहून टाकलं. दत्तूची वही बाकीच्या सहा जणांनी उतरवली, न वाचता. साहेबांनी, म्हणजे शाखेच्या निकुंभसाहेबांनी, सातही वह्यांवर सह्या ठोकून झेरॉक्स पुण्याला पाठवल्या. मोतीरामची वही तेवढी मागे राहिली. तिला ग्रीसचे डाग होते. साहेब म्हणाले, नीट कव्हर घालून मग द्या.

चार दिवसांनी हिशेब बघणाऱ्या साधनाताईंनी मोतीरामला जवळ बोलावलं. बाई सरळ होत्या, पण घाबरट. त्यांनी आवाज न करता दत्तूच्या वहीची झेरॉक्स त्याच्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

अठरा ऑगस्ट. अमरधाम व रामकुंड. पंप पाहणी. अकरा किलोमीटर.

मोतीरामने ती ओळ दोनदा वाचली. मग बाकीच्या सहा वह्या बघितल्या. सहाही वह्यांत तेच. त्याच्या स्वतःच्या वहीत त्या तारखेला लिहिलं होतं, आई. अमरधाम ते रामकुंड. खाजगी. अकरा किलोमीटर.

सोळा तारखेला अंबूबाई गेली. मखमलाबादच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर डोक्यावर घेऊन आयुष्यभर बाजारात बसलेली बाई. मोतीरामने गाडी घेतली तेव्हापासून ती मागे बसायची, एका हाताने पाटी सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीत बुक्के घालायची, हळू चालव मुडद्या म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी मोतीराम अमरधामात गेला, राख सावडली, अस्थी मडक्यात घातल्या आणि मडकं फडक्यात बांधून हँडलला अडकवून तो रामकुंडावर गेला. सगळा रस्ता दुसऱ्या गिअरवर. संध्याकाळी वही उघडली तेव्हा अकरा किलोमीटर जुळेनात. ते लिहिल्याशिवाय आकडा बसणार नव्हता. म्हणून त्याने लिहिलं.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, हे मोतीरामने ऐकलं होतं. पण ती माणसं आपल्याच शेजारच्या टेबलावर बसून आपल्याच डब्यातली भाजी चाखतात, हे त्याला तोवर समोर दिसलं नव्हतं. 

शनिवारी निकुंभसाहेबांनी त्याला केबिनमध्ये घेतलं. दत्तू आधीच बसला होता. सोमवारी पुण्याहून तपासनीस येणार होता, आणि सात वह्यांत काम, आठव्या वहीत खाजगी, असं निघालं तर सात जणांची सूट जाणार, शिवाय खोटी नोंद केल्याचा ठपका साहेबांच्या सहीवर येणार. झेरॉक्स पुण्याला पोचल्या होत्या, त्या बदलणं आता कुणाच्या हातात नव्हतं. बदलता येत होती एकच वही. साहेबांनी हे सगळं फार गोड आवाजात सांगितलं. एक शब्द खोडायचा, एक शब्द लिहायचा. तुमचीही सूट मंजूर करतो, बिलं नसली तरी. यात तुमचं नुकसान काय, गायखे?

मोतीराम म्हणाला, जमणार नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तो कुणाला जमणार नाही म्हणाला असेल. साहेबांचा चेहरा पडला.

मग दत्तू उठला. त्याने खुर्ची मोतीरामच्या जवळ ओढली, गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमच्या आईला मी खांदा दिलाय. मळ्यापासून पार अमरधामपर्यंत. एकदाही बदलला नाही."

आणि हे खरं होतं, हीच तर गोम. त्या दिवशी चिखल होता, माणसं कमी होती, आणि या डाव्या हाताने बिलं लिहिणाऱ्या लफंग्याने खरोखर शेवटपर्यंत खांदा दिला होता. खांदा देणाऱ्याचं ऋण फिटत नाही, हे अंबूबाईनेच मोतीरामला लहानपणी सांगितलं होतं. खांदेकऱ्याच्या घरच्या भांडणात ती कधी तोंड घालायची नाही. आपल्याकडे माणूस मेला की शेजारी जे देतो ते कुणी परत मागत नाही. दत्तूने मागितलं. सहा महिन्यांनी, ऑफिसच्या केबिनमध्ये, पंख्याखाली बसून.

मोतीरामला थुंकावंसं वाटलं, थुंकला नाही. नाही म्हणावंसं वाटलं, तेही निघेना. ज्याच्या खांद्यावरून आई गेली, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. साहेबांनी पेन पुढे केलं. मोतीरामने आई हा शब्द खोडला, खाजगी हा शब्द खोडला, आणि पंप पाहणी असं लिहिलं. अक्षर त्याचंच होतं, नेहमीसारखं गोल.

सोमवारी तपासनीस आला. चष्मेवाला, कमी बोलणारा माणूस. त्याने सगळ्या वह्या भराभर चाळल्या आणि मोतीरामच्या वहीवर थांबला. डाग बघून खूश झाला. म्हणाला, ही खरी फिरणाऱ्याची वही. सात जण मान डोलावत उभे होते. मग तपासनिसाचं बोट अठरा ऑगस्टवर आलं. त्याने विचारलं, तुम्ही सगळीकडे टोळीनेच जाता वाटतं; पण अमरधामात एका पंपासाठी आठ माणसं कशाला गेली होती?

निकुंभसाहेबांनी मोतीरामकडे बघितलं. दत्तूने बघितलं. साधनाताईंनी मान खाली घातली.

"विहिरीतून मोटार वर काढायची होती, साहेब," मोतीराम म्हणाला. "फार जड होती."

तपासनिसाने बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. मडक्यात अंबूबाई दीड किलोसुद्धा भरली नव्हती.

एप्रिलच्या पगारात सगळ्यांना कापलेला कर परत मिळाला. दत्तूने पेढे आणले आणि पहिला पेढा मोतीरामला दिला. मोतीरामने तो खाल्ला. आशाने घरी विचारलं, एवढं मिळालं तरी तोंड असं का? त्याने सांगितलं नाही. त्याला दत्तूची किळस येत होतीच. पण ती जुनी होती, अंगवळणी पडलेली. स्वतःची किळस नवीन होती, आणि तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

त्या महिन्यापासून त्याने वही लिहिणं सोडलं. पुढच्या फेब्रुवारीपासून मोतीरामची वही दत्तूच लिहायला लागला.