सरावाची पिशवी

लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, काढून टाकायची आहे, हे माणसाला खुर्चीत बसवून, पाणी देऊन मगच सांगावं, असं माझं मत आहे. आमचे सर्जन ते उभ्या उभ्या सांगतात आणि पुढचं सगळं माझ्याकडे पाठवतात. मी निशा, सिस्टर. मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशनसाठी तयार करणं हे माझं काम. मूत्राशय गेलं की लघवीला नवी वाट लागते. आतड्याच्या छोट्या तुकड्याचं एक तोंड पोटावर, बेंबीच्या उजवीकडे काढतात आणि त्यावर बाहेरून प्लास्टिकची पिशवी चिकटवतात, ती जन्मभर. ती कशी लावायची, कशी रिकामी करायची, तिच्यासकट साडी कशी नेसायची, हे मी शिकवते. लोक रडतात, चिडतात, देवाला शिव्या घालतात. मला सगळं चालतं. नुसती मान डोलावणारी माणसं मात्र चालत नाहीत. त्यांना काही कळलेलं नसतं, आणि घरी गेल्यावर पिशवी सुटली की फोन मलाच येतो.

श्यामलाकाकू आगाशे पहिल्या दिवशी अशाच मान डोलावत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, अंगावर इस्त्रीची सुती साडी, कर्वेनगरहून रिक्षाने आलेल्या. शेजारी यजमान, गोपाळकृष्णकाका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

"किती वेळ लागेल?" काकांनी बसायच्या आधीच विचारलं.

"समजेपर्यंत," मी म्हटलं.

"मग हिला पाच मिनिटं धरा आणि मला दोन दिवस."

मला काका आवडले. मी कागदावर चित्र काढलं आणि काय काय काढणार त्याभोवती पेनाने गोल केला. "बायकांमध्ये गर्भाशय मूत्राशयाला लागूनच असतं. तुमची गाठ त्याच बाजूला आहे, म्हणून तेही सोबत काढणार. तसंही आता त्याचं काही काम उरलेलं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की जीभ आपोआप वळते.

काकूंची मान डोलायची थांबली.

"ते नाही काढायचं," त्या म्हणाल्या. "बाकीचं काय ते काढा."

"काकू, असं निवडून काढता येत नाही."

"मग राहू दे सगळंच."

"राहू दे काय? भाजीवाल्याशी बोलतेस का?" काका म्हणाले, पण त्यांचा आवाज चिरकला. आणखी महिना घालवला तर ऑपरेशनचा उपयोग उरणार नाही, असं सर्जननी त्यांना बजावलं होतं. आधीच पुष्कळ वेळ गेला होता. काकूंना दिवाळीपासून लघवीतून रक्त जात होतं आणि त्यांनी घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

मी काकांना चहा प्यायला पाठवलं. पिशवीची जागा पोटावर शाईने आखायची होती आणि त्यासाठी काकूंना आडवं करायचं, बसवायचं, उभं करायचं, वाकवायचं होतं. घडी पडते तिथे पिशवी टिकत नाही. परकराची नाडी कुठे बांधता, निऱ्या कुठे खोचता, असं विचारत मी त्यांच्या ओटीपोटावर तळहात ठेवला. आतून कुणीतरी त्या हाताला ढोसलं.

मी हात काढून घेतला.

"लागली ना हाताला?" काकू म्हणाल्या.

"गॅस असेल."

"तुम्हाला सगळा गॅसच वाटतो." त्या छताकडे बघत होत्या. "नारायण पेठेतल्या प्रसूतिगृहात झाली. पूर्ण दिवसांची. रडलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, हिला दाखवू नका, जीव अडकेल. हे आणि मामंजी तिला घेऊन गेले. सगळे म्हणाले, गेली. मी कुठे पाहिली तिला जाताना?"

मी शाईने जागेची खूण करायला घेतली.

"पुढच्या महिन्यातच पुन्हा हलायला लागली. पुष्करच्या वेळी बाजूला सरकून बसली, त्याला जागा दिली तिने. शहाणी आहे. मग पुष्कर मोठा झाला, परदेशी गेला, ही आपली गप्प होती. दिवाळीत रक्त दिसलं आणि आत मुरगळलं, तेव्हा मला वाटलं, उठली."

"म्हणून सांगितलं नाहीत कुणाला?"

"सांगितलं असतं तर तिला काढायला निघाला असतात. निघालातच ना आता?"

मला राग आला. कॅन्सर आत कळा काढत होता आणि ही बाई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. ओरडावंसं वाटलं, पण ओरडता आलं नाही, कारण मला भीतीही वाटत होती. माझ्या हाताला जे लागलं होतं तो गॅस नव्हता. इतकी वर्षं मी पोटं चाचपते आहे, तेवढं मला कळतं.

घाबरले की मी कामाला लागते. कपाटातून सरावाची पिशवी काढली. ऑपरेशनआधी ही पिशवी पाणी भरून पोटावर लावून द्यायची, म्हणजे माणसाला तिच्या वजनाची सवय होते, असा आमचा रिवाज आहे. मी नळाखाली पिशवी धरली.

"गार नको," काकू म्हणाल्या. "कोमट घाला."

आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. मी किटलीतलं पाणी मिसळून पिशवी भरली आणि शाईच्या खुणेवर चिकटवली. काकू उभ्या राहिल्या. पिशवी भाराने खाली ओढली गेली, तसा त्यांनी पटकन तिच्याखाली हात धरला. मग नाडी सैल करून निऱ्या वर घेतल्या, पदर नीट केला आणि पदराआडून पिशवीला दोनदा थोपटलं.

"घरी घेऊन जाऊ हिला?"

"हो," मी म्हटलं. "घरी लावून चाला, बसा, झोपा."

दोन दिवसांनी काका एकटेच आले. बसले नाहीत.

"सिस्टर, त्या पिशवीत नेमकं काय भरलं होतंत?"

"पाणी."

"पाण्याशी कुणी गप्पा मारतं का? गॅलरीत बसून बोलत असते. मेथी केवढ्याला झाली, लिफ्ट कधीची बंद आहे, असलं. पाणी गार झालं की बदलून कोमट घालते. मी विचारलं, तर म्हणाली, ती बाहेर येऊन बसलीय, आता मागचं घर पाडायला हरकत नाही. ऑपरेशनला तयार आहे ती."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलंच झालं." काकांनी चष्मा पुसला. "फक्त घरात आता आम्ही तिघं असल्यासारखं वाटतं मला. तेवढं सोडलं तर उत्तम."

आता नेमकं घोडं इथेच पेंड खात होतं. लोकांचे गैरसमज काढण्याचा मी पगार घेते, आणि या बाईचा जीव एका गैरसमजावर तरला होता. तो काढावा तर ती ऑपरेशन नाकारणार. मी तो काढला नाही. त्यांना तीन छोटे चेंडू वर उचलायच्या यंत्रात श्वास ओढायला शिकवलं, ऑपरेशननंतर कुशीवरून कसं उठायचं ते शिकवलं, आणि त्यांचा एक हात पदराखाली असायचा तिकडे बघायचं टाळलं.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळं निघालं, कापलेल्या कडांवर कॅन्सर सापडला नाही. काकू उठल्या, व्हरांड्यात चालल्या, भात खाल्ला. पोटावरच्या तोंडाकडे बघताना पुरुष तोंड फिरवतात. काकूंनी एकटक बघितलं.

पण पिशवी स्वतः रिकामी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी खालच्या तोटीवर मूठ आवळली.

एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, हे मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पिशवी तट्ट भरली. लघवी मागे तुंबली की मूत्रपिंडं नासतात. ड्यूटीवरच्या मुली विनवून दमल्या. दुपारपर्यंत काकूंना थंडी वाजून ताप चढला. मुलींनी मला बोलावलं आणि सर्जननाही कळवलं. हात धरून तोटी उघडा, असा त्यांचा निरोप आला.

मी काकूंना न्हाणीघरात नेऊन स्टुलावर बसवलं. काका टॉवेल घेऊन दारात उभे राहिले. पिशवी फुगून चकाकत होती आणि काकू तिला पोटाशी धरून थरथरत होत्या.

"काकू, सोडा आता. जिवावर बेतेल."

"तुमच्या मुलींनी मी गुंगीत असताना किती वेळा नेली तिला," त्या म्हणाल्या. "एकदाही दाखवली नाही. परत तसंच करणार?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. सुरुवातीचे दिवस आम्हीच पिशवी रिकामी करतो आणि पेशंटला त्रास नको म्हणून चादर ओढून घेतो. चांगुलपणाच असतो तो. सासूबाईंचाही चांगुलपणाच होता.

"नाही," मी म्हटलं. "मी हात लावत नाही. तोटी तुम्हीच उघडायची, तुमच्या डोळ्यांदेखत. सावकाश. शेवटच्या थेंबापर्यंत बघा. कुणी घाई करणार नाही."

बऱ्याच वेळाने त्यांची मूठ सैल झाली. त्यांनी तोटी खाली वळवली आणि उघडली. धार भांड्यात पडायला लागली. काकू वाकून बघत राहिल्या.

"जाते म्हणू नये बाळा," त्या धारेला म्हणाल्या. "येते म्हणावं."

शेवटचा थेंब पडला. त्यांनी तोटी पुसली, बंद केली, मी शिकवलं होतं अगदी तशी. पिशवी पोटावर चपटी होऊन पडली. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार.

"केस होते तिला," काका दारातून म्हणाले. टॉवेल त्यांनी छातीशी धरला होता. "दाट. नाक तुझं. मी दुपट्यात गुंडाळताना पाहिलं. सांगायला जमलंच नाही गं मला."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. मागे वळल्या नाहीत. "हाताला लागतात ना केस."

काका टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागले. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली. पिशवीत वरून थेंब थेंब यायला लागले, तिच्या तळाशी पुन्हा ऊब धरली. काकूंनी माझं मनगट पकडून तळहात तिच्यावर ठेवला.

"आली," त्या म्हणाल्या.

मूत्राशय नव्हतं, गर्भाशय नव्हतं, कळ यायला आत काही उरलं नव्हतं. प्लास्टिकमध्ये दोन चमचे लघवी होती. माझ्या हाताखाली काहीतरी कूस बदलून निजलं. मी हात तसाच राहू दिला.