राखीव स्वेटर

हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या आत्याला डोंगर चढणाऱ्यांबद्दल काडीचाही आदर नव्हता. राहणार तरी कसा? सोमवार उजाडला की तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर रविवारचे वीर ओळीनं बसलेले असत. कुणाचा घोटा टम्म फुगलेला, कुणाचं मनगट वाकडं, कुणाला बसताही येत नाही म्हणून तो भिंतीला टेकून उभा. आणि कण्हत कण्हत प्रत्येक जण सांगणार काय, तर वरून देखावा अप्रतिम होता. आत्या म्हणायची, आधी पाय सरळ ठेवा, देखाव्याचं मग बघू. डोंगर खिडकीतून दिसतो तेवढा पुरे, देवानं तो लांब ठेवलाय तो उगाच नाही, असं तिचं साधं मत होतं.

अशा आत्याच्या सख्ख्या भाचीनं नेमका डोंगरवेडा मुलगा पसंत केला. भाची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनियर होती. आठवडाभर इमारतींच्या पोटात, तेलकट तारांच्या संगतीत काम करणाऱ्या पोरीला सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेत जावंसं वाटलं तर त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते मुलाचं. तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. कारखान्यांत जाऊन कुठे आग लागू शकेल, कुठे पाणी शिरू शकेल, हे ठरवणं त्याचं काम. दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. आत्याचा भाऊ, म्हणजे भाचीचे वडील, त्याच्यावर बेहद्द खूश होते. पहिल्यांदा घरी चहाला आला तो पाठीवर सॅक घेऊनच, आणि कुणी विचारलं नसताना त्यानं तिच्यातून टॉर्च, शिट्टी, होकायंत्र आणि दोरीचं वेटोळं काढून कपबशांच्या मधोमध मांडलं. चहाला यायला दोरी कशाला लागते, असं आत्यानं विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, की तयारी नेहमी जय्यत असलेली बरी.

त्या संध्याकाळपासून आत्याच्या तोंडी त्याचं नाव जय्यतराव पडलं. भाची हसली, पण बेतानंच.

साखरपुड्याची बोलणी व्हायच्या आत आत्यानं त्याला नीट ओळखावं, अशी भाचीची इच्छा होती. आईबापांचं काय, त्यांना हुद्दा दिसतो. आत्याला माणूस दिसतो, असं ती म्हणे. आत्या चढली हरभऱ्याच्या झाडावर, आणि एक रविवार डोंगरावर यायचं कबूल करून बसली. मग आदल्या शनिवारी जय्यतराव दोघींना घेऊन डोंगरसामानाच्या दुकानात गेले.

दुकान कसलं, देऊळच होतं त्यांचं. आत शिरताच त्यांचा आवाज खाली आला आणि पाठ ताठ झाली. बूट कसे निवडावेत, यावर त्यांनी प्रवचन लावलं. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय फुगतो. घालायचे तेच जाड मोजे घालून घ्यावेत. पुढे बोटांना जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात. घोटा धरून ठेवणारे हवेत, तळव्याला खोल खाचा हव्यात. मग कपडे. अंगाला लागून घाम ओढून घेणारा एक थर, त्यावर ऊब देणारा, त्यावर वारापाऊस अडवणारा. आणि सुती तर अजिबात नाही. सुती कापड भिजलं की वाळत नाही, उलट अंगातली ऊब शोषून घेतं. हे सांगताना ते आत्याच्या सुती शर्टाकडे असे बघत होते, की जणू तिथं उंदीर मेलाय.

आत्याला चीड आली ती याची, की त्यांचं सगळं खरं होतं. चुकला असता तर माणूस सुसह्य झाला असता. काळ्यानिळ्या नखांचे पाय तिनं स्वतः टेबलावर सरळ केले होते. पण कळणं वेगळं आणि या उंटावरच्या शहाण्यापुढे मान डोलावणं वेगळं. ती म्हणाली, माझे कॅनव्हासचे बूट आहेत, दवाखान्याच्या फरशीवर आजवर घसरले नाहीत, डोंगरावर कशाला घसरतील. जय्यतरावांनी स्मित केलं. ते स्मितही बहुधा त्याच दुकानातून घेतलं असावं. त्यातून काहीही आत झिरपत नव्हतं.

भाचीनं बूट घेतले, लोकरीचे मोजे घेतले. मग तिनं एक लाल रंगाचं पावसाळी जाकीट अंगात चढवलं आणि आरशासमोर वळून पाहिलं. ते तिला असं शोभलं, की आत्यासुद्धा टोमणा विसरली. जय्यतरावांनी ते तिच्या खांद्यावरून अलगद उतरवून परत अडकवलं. आपलं जुनं जाकीट घरी पडलंय, ते शिकाऊ माणसाला पुष्कळ झालं, आधी ती टिकते का बघू, मग नव्याचं बघता येईल, असं ते म्हणाले. स्वतःसाठी मात्र त्यांनी त्याच दिवशी नव्या काठ्यांची जोडी घेतली, कारण जुन्यांची पकड म्हणे थोडी गुळगुळीत झाली होती.

भाची स्वतः कमावती होती. मनात आणलं असतं तर दोन जाकिटं घेतली असती. पण ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं आत्यानं मनात नोंदवून ठेवलं.

रविवारी सकाळी बसमधून उतरले तेव्हा आकाश निरभ्र होतं. जय्यतराव नखशिखांत नवेकोरे, कमरेला पट्टे, छातीला पट्टे, कुठे बकल, कुठे जाळी. लढाईला निघाल्यासारखा माणूस, आणि समोर शेळ्या चरताहेत. वाट गवतातून जात होती, मग झाडीतून, मग दगडांतून. चढ सोपा नव्हता, पण आत्या दिवसभर उभ्यानं काम करणारी बाई. कुरकुरत का होईना, पाय ओढत होती. जय्यतराव पुढे चालून थांबत, आणि या दोघी पोचल्या की लगेच निघत. म्हणजे विसावा त्यांचा, धावपळ यांची. थांबल्यावर पाणी किती घोट प्यावं हेही तेच सांगत.

डोंगराच्या धारेवर पोचले आणि हवा पालटली. पलीकडून ढग वर आला, बघता बघता समोरचा माणूस पुसट झाला आणि आडवा पाऊस सुरू झाला. आत्याकडे साधी छत्री होती. वाऱ्यानं ती पहिल्याच झटक्यात उलटी केली, आणि जय्यतराव काही बोलले नाहीत, पण न बोलण्यातही त्यांचा शहाणपणा दिसत होता. आत्याचा शर्ट, पँट, मोजे, सगळं सुती, सगळं चिंब. पाऊस होता तोवर ठीक. वारा लागला तशी थंडी हाडांत शिरली. हाडांशी तिचा जन्माचा परिचय, पण आपली हाडं अशी वाजतात हे तिला ठाऊक नव्हतं. भाचीच्या अंगातल्या जय्यतरावांच्या जुन्या जाकिटाचा पाणी अडवणारा आतला लेप सोलवटून गेलेला. खांद्यांच्या शिवणीतून पाणी आत येत होतं.

तिघं एका मोठ्या खडकाच्या आडोशाला उभे राहिले. आत्याचे दात वाजत होते.

"तुझ्या सॅकमधला स्वेटर आत्याला दे," भाची म्हणाली.

"तो राखीव आहे."

"राखीव कशासाठी?"

"आणीबाणीसाठी."

"मग ही काय आहे?"

जय्यतरावांनी आत्याकडे पाहिलं. एखाद्या कारखान्याचं कुलूप तपासावं तसं नीट पाहिलं. "थंडी वाजतेय, एवढंच. बोलणं स्पष्ट आहे त्यांचं, चालूही शकतात. राखीव कपडा आत्ताच भिजवला आणि पुढे मला काही झालं तर? सुती घालू नका, हे मी दुकानातच सांगितलं होतं."

भाचीनं पुन्हा मागितला नाही. तिनं जाकीट काढलं, आतला स्वतःचा स्वेटर काढला आणि जाकीट परत घातलं. स्वेटर खांद्यांवर ओला होता, पण पोटापाठीशी उबदार होता. आत्या नको नको म्हणू लागली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा भाचीचा एक आवाज होता, शांत आणि कुणाचं न ऐकणारा. त्या आवाजात ती म्हणाली, "हात वर कर, आत्या."

आत्यानं लहान मुलासारखे हात वर केले.

जय्यतरावांनी वर बघितलं. माथा इथून जवळच आहे, आपण चटकन जाऊन येतो, तुम्ही दोघी सावकाश उतरायला लागा, वाट मळलेली आहे, असं सांगून ते निघाले. काठ्यांचा टकटक आवाज धुक्यात विरून गेला. होणारी बायको आणि तिची म्हातारी होत आलेली आत्या यांना पावसात सोडून माणूस टेकडीचं डोकं मोजायला गेला.

उतरताना कॅनव्हासच्या बुटांनी आपली लायकी दाखवली. फरशी सोडली तर त्यांना जगाची माहितीच नव्हती. ओल्या दगडावर आत्याचा पाय सर्रकन गेला आणि घोट्यात काहीतरी करकचून वळलं. मोडलेलं नाही हे तिला बसल्या जागी कळलं, पण टेकवत नव्हतं. शिव्या तिनं आधी बुटांना घातल्या, मग डोंगराला, आणि सगळ्यात सणसणीत स्वतःला. उरलेली वाट भाचीच्या खांद्यावर भार टाकून, कुठे बसून सरकत, तिनं पार केली. भाची सारखी पुढचा दगड आधी स्वतः पायानं चाचपत होती.

ते आले तेव्हा या दोघी बसथांब्याच्या शेडमध्ये होत्या. जय्यतरावांचे गाल लाल, अंग आतून कोरडं ठणठणीत. माथ्यावर क्षणभर ढग फाकले, देखावा अप्रतिम होता, असं त्यांनी सांगितलं. आत्याचा पाय दिसताच त्यांनी सॅक उघडली, पट्टी काढली आणि घोटा बांधून दिला. बांधलाही इतका सुरेख, की दवाखान्यात कुणी बांधला नसता. पट्टी घोट्यासाठीच होती, तेव्हा घोट्याला मिळाली. त्यांच्या लेखी सगळं आपापल्या जागी होतं.

बसमध्ये आत्या पुढच्या सीटवर पाय लांब करून बसली. मागे ते दोघं.

"तुझं सगळं बरोबर असतं," भाची म्हणाली.

"अनुभवानं येतं ते," जय्यतराव म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं.

"मला नाही जमायचं."

"सवयीनं जमेल. पहिल्या मोठ्या चढाला सगळ्यांना असंच वाटतं."

"डोंगर जमेल," भाची म्हणाली. "लग्न नाही जमायचं."

जय्यतरावांनी सॅकचं एक बकल उघडून पुन्हा लावलं. मग जय्यतरावांनी विचारलं, की हे स्वेटरवरून आहे का. तसं असेल तर तिचा गैरसमज झालाय. आत्यांचं बोलणं अडखळू लागलं असतं तर त्यांनी तो निश्चित दिला असता, तशी वेळच आली नाही.

"मग मी जरा आधीच बरळायला हवं होतं," आत्या मागे न बघता म्हणाली.

सोमवारी आत्याला तिच्याच टेबलावर झोपावं लागलं. हाताखालची मुलगी पायाखाली एक्स-रेची प्लेट सरकवून हसू दाबत म्हणाली, पाय सरळ ठेवा. हाड शाबूत होतं, अब्रू तेवढी मोडली होती.

घरी भावानं आकांडतांडव केलं. इतका दूरदर्शी मुलगा, एवढा हुद्दा, आणि एका स्वेटरपायी स्थळ घालवलंत, असं तो पायाला शेक देणाऱ्या बहिणीलाच सुनावत होता. पोरीला तिनंच फूस लावली अशी त्याची खात्री होती. आत्या म्हणाली, "दादा, ज्याच्याकडे नाही त्यानं दिलं नाही तर मी समजू शकते." भाऊ त्यावर विमा, शिस्त आणि आजकालची पिढी यांबद्दल बोलत राहिला. भावजय मात्र भाजी चिरता चिरता थांबली आणि एवढंच म्हणाली, की उद्या माझ्या लेकीच्या बाळंतपणातही याचं काहीतरी राखीवच राहिलं असतं. त्यानंतर भावाचा आवाज खाली आला.

आठवड्यानं जय्यतरावांचा फोन आला. सगळ्यांना वाटलं समजूत काढायला. त्यांना जुनं जाकीट परत हवं होतं. आत्यानं ते स्वतः घडी घालून पाठवून दिलं, आणि त्या दिवशी दवाखान्यात तिनं एकाही पेशंटला टोमणा मारला नाही. सगळा साठा एकाच माणसावर खर्च झाला होता.

घोटा बरा झाल्यावर तिनं चुपचाप बूट घेतले. संध्याकाळी गेली, जाड मोजे घालून गेली, आणि पुढे बोटांना जागा आहे ना हे दोनदा बघितलं. सुतीला पर्यायही घेतला. प्रत्येक वस्तू घेताना तिला जय्यतरावांचा चेहरा दिसे आणि तिचा जीव जळे. माणूस टाकाऊ आणि सल्ला टिकाऊ, ही कसली वाटणी. भाचीनं लाल जाकीट घेतलं, तेव्हा मात्र आत्याचा जीव अजिबात जळला नाही.

मग दोघी एका बुटक्या टेकडीवर गेल्या. रिमझिम होती. आत्या कोरडी होती, उबदार होती, पाय घट्ट रोवले जात होते, आणि या सगळ्याचा तिला राग येत होता. वाटेत भेटलेल्या नटव्या मंडळींवर तिनं तो भरपूर काढला. वर एका सपाट दगडावर बसून दोघींनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. भाची बराच वेळ बुटाच्या नाडीशी चाळा करत होती.

"आत्या, मी घाई केली का?"

आत्याच्या जिभेवर जय्यतरावांच्या नावाची निदान अर्धा डझन वाक्यं तयार होती, एकाहून एक झणझणीत. तिनं पोरीकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. एवढ्या दिवसांत हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचं तिला वाईट वाटलं. दुसऱ्याची नालायकी मोजण्यात ती फार गुंतली होती.

"नाही," ती म्हणाली.

पुढे तिनं काही जोडलं नाही. पाऊस वाढू लागला तशा दोघी उठल्या आणि ओल्या दगडांवरून जपून खाली उतरू लागल्या.