एक पावसाळा टिकलेली भिंत

इंजिनिअर हा सृष्टीचा दुसरा कर्ता होय. पहिल्याने डोंगर रचले, दुसरा ते हलवील, असे गंगाधरने १९३५ साली, पदवी मिळाल्याच्या दिवशी, तळेगावच्या घरी माजघरात उभे राहून जाहीर केले. या दुसऱ्या कर्त्याला लोणावळ्यात म्हशीच्या गोठ्याच्या नकाशावरसुद्धा सही करता येत नव्हती. त्याला लायसन लागे. आणि लायसनची अट अशी, की उमेदवाराच्या देखरेखीखाली बांधलेले एक काम लोणावळ्याचा अख्खा पावसाळा टिकले पाहिजे. पडले, तर पुढच्या वर्षी पुन्हा उमेदवार. लोणावळ्याच्या पावसात दरसाल थोडे थोडे डोंगरही नापास होतात.

गंगाधरच्या वाट्याला एका बंगल्यामागची, डोंगराची माती अडवायची भिंत आली. गवंडी परंदवडीचा कोंडाजी. साठी उलटलेला, शाळेत न गेलेला. गंगाधरने पहिल्याच दिवशी त्याचा ओळंबा मागून घेतला. भिंत सरळ आहे का हे बघायचे ते दोरीला बांधलेले पितळी वजन. पण गंगाधरचे नकाशे वाऱ्याने उडत होते, म्हणून ते त्यांच्यावर ठेवले.

भिंत कमरेएवढी झाली आणि त्याला तिच्यात जागोजाग भोके दिसली.

“कोंडाजी, ही कोणाची सोय? उंदरांची?”

“पान्याची, सायब. मागं डोंगार हाय. वाट दिली तर पानी वाटंनं जाईल, न्हाई तर भिंत घिऊन जाईल.”

“नकाशात भोकं नाहीत.”

“नकाशावर पाऊस बी पडत न्हाई.”

“बुजव! आजच्या आज!”

“व्हय, सायब.”

आषाढातल्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्याची बिनभोकांची भिंत बागेत पालथी पडली. गंगाधर छत्री उलटी झाल्याचेही भान न ठेवता धावत आला. त्याची भिंत उभी होती, आणि तिच्या अंगातून चौदा ठिकाणी तांबडे पाणी धो धो वाहत होते.

“बुजवली होतीस ना?”

“बुजवली की! चिखलानं. पयल्या सरीला निगाली,” कोंडाजी इरल्यातून म्हणाला. “तुमचा बी शबूद ऱ्हायला, भिंत बी ऱ्हायली.”

दसऱ्यानंतर तपासनीस श्रीपादराव आले. एकेका भोकात त्यांनी काठी घालून पाहिली.

“वा! पाण्याला वाट ठेवलीत. नवे पदवीधर नेमके हेच विसरतात. पुस्तकात अख्खा धडा आहे.”

तो धडा गंगाधरने परीक्षेला सोडून दिला होता. नुसते ‘हो’ म्हटले की काम भागत होते. पण तो म्हणाला,

“साहेब, भोकं गवंड्याची आहेत. मी बुजवायला सांगितली होती.”

श्रीपादरावांनी काठी भोकातून बाहेर काढली. “माझ्या पहिल्या भिंतीला सोपान नावाचा गवंडी होता,” ते म्हणाले. “मी मात्र तेव्हा बोललो नाही.” आणि त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी गंगाधर लायसनची गुंडाळी घेऊन परंदवडीला गेला. कोंडाजी कुणाच्या तरी ओट्याचे काम करत होता. गंगाधरने भर रस्त्यात त्याच्या पायांवर डोके ठेवले.

“आबा, कागदावर नाव माझं असलं तरी लायसन तुमचं आहे. हा गंगाधर जन्मभर तुमचा ऋणी राहील. मागाल ते देईन!”

कोंडाजीने कागद उलटा धरून कौतुकाने पाहिला. मग दोरीला बांधलेला गोटा हातात घेऊन जरा संकोचतच म्हणाला,

“मग सायब, माजा तेवढा ओळंबा द्या. चैतापासनं ह्यो धोंडाच लोंबवतोय.”