प्रमुख पाहुणे येईपर्यंत

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी. भाऊबीज उरकून उपेंद्र बायकोमुलांना घेऊन लासलगावला सासुरवाडीला गेला आणि त्याची थोरली बहीण सुधाबाई आयुष्यात पहिल्यांदा आठवडाभर घरात एकट्या राहिल्या. शाळेला सुट्टी होती. वाचनालयातून दोन जाड कादंबऱ्या आणल्या होत्या. सकाळी मुगाची खिचडी टाकायची आणि तीच रात्री गरम करायची, असं ठरवून टाकलं. एक ताट, एक वाटी, एक पातेलं. भांडी इतक्या लवकर घासून झाली की बाई मोरीपाशी उगाच उभ्या राहिल्या आणि स्वतःलाच हसल्या.

वाचन मात्र जमेना. दोन पानं झाली की डोळे मिटत. वडील गेले तेव्हा उपेंद्र शाळेत होता, म्हणून बाईंनी नोकरी धरली. मग त्याचं कॉलेज, त्याचं लग्न, भावजयीची बाळंतपणं, आता भाचीची दहावी. दर वेळी ‘एवढं झालं की मी मोकळी’ असं म्हणत त्यांनी घर ओढलं. थकवा इतका मुरला होता की झोपून उठलं तरी अंगातून हलत नव्हता. शाळेतल्या मालिनीबाईंनी त्यांच्यासाठी गंगापूर रोडवर एक खोली बघून ठेवली होती, एकटीपुरती. रविवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. हो म्हणायचं बाईंच्या मनात होतं. पण घरी विषय काढायचा म्हटलं की त्या दुसरंच काहीतरी बोलायच्या.

घरासमोरच्या मैदानावर त्याच आठवड्यात सायकलवाला आला होता. धोंडीराम त्याचं नाव, निफाडकडचा. सात दिवस सायकलवरून खाली उतरायचं नाही, जेवण, दाढी, आंघोळ सगळं सायकलवर. कर्ण्यावर सिनेमाची गाणी आणि भोवती बघ्यांची गर्दी. आणखी एक नियम होता: शेवटच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी हँडल धरून उतरवल्याखेरीज त्यानं पाय टेकायचा नाही. गर्दीला त्याच्या कसरती आवडत. सुधाबाई मात्र पुस्तक मांडीवर घेऊन दुपारी यायच्या, ऊन डोक्यावर आणि मैदान रिकामं असताना. तेव्हा धोंडीराम नुसताच गोल फिरत असायचा, मान खाली घालून. त्याची बायको चांगुणा पेला घेऊन शेजारून चालायची. काही न करता एखाद्याकडे बघत बसायला मिळणं हेच बाईंना सुख वाटत होतं.

रविवारी पाचला धोंडीराम उतरायचा होता. हार आला, खुर्च्या मांडल्या. साडेपाच झाले, सहा झाले. ‘प्रमुख पाहुणे वाटेत आहेत,’ असं कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचा माणूस कर्ण्यावर सांगत राहिला. सात दिवस केव्हाच भरले होते आणि धोंडीराम फिरतच होता. सायकल आता सरळ जात नव्हती.

“उतरा म्हना ना कुनीतरी,” चांगुणा सुधाबाईंपाशी येऊन म्हणाली. “पाय लय सुजलेत. माझं नाय ऐकत.”

तेवढ्यात पिशव्या घेतलेला उपेंद्र गर्दीतून आला. “ताई, तू इथे? घराला कुलूप. चल, मुलांना भूक लागलीय.”

“हो, येते. एवढं झालं की,” बाई म्हणाल्या आणि स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानांवर आलं.

पुस्तक चांगुणाच्या हातात देऊन त्या सरळ सायकलच्या रिंगणात गेल्या. सायकल जवळ आली तसं त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं.

“सोडा बाई,” धोंडीराम पुटपुटला. “सायेब यायचं हायेत.”

“तुमचे सात दिवस झालेत. उतरा.”

“सायबानीच उतरवायचं असतंय.”

“ते आले नाहीत. मी आलेय. उतरा.”

त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग चांगुणाकडे. पाय टेकला तसे गुडघे वाकले आणि चांगुणानं त्याला पोत्यासारखं धरून खाली बसवलं. मंडळाचा माणूस धावत आला. “अहो बाई, कुणाला विचारून केलंत हे?” बाईंनी चांगुणाकडून पुस्तक परत घेतलं आणि त्या उपेंद्रकडे वळल्या.

“ही किल्ली घे. डाळ-तांदूळ डब्यात आहेत, खिचडी टाका. मी मालिनीकडे चाललेय. गंगापूर रोडला खोली घेतेय मी. एकटी राहणार आहे.”

वीस वर्षं जपून ठेवलेलं भांडण आता होणार म्हणून त्या तयार होऊन उभ्या राहिल्या. कितीतरी उत्तरं त्यांनी पाठ करून ठेवली होती.

उपेंद्र पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, “बरं. पण ताई, आधी बोलायचं नाही का? आम्ही कधी नाही म्हटलं होतं?”

खरंच नव्हतं म्हटलं. कधी कुणी विचारलं नव्हतं, तसं कधी कुणी अडवलंही नव्हतं. पाठ केलेली उत्तरं आता कुणाला द्यायची नव्हती. तिकडे चांगुणा नवऱ्याचे पाय चोळत होती आणि तो बसल्या बसल्या झोपला होता. सुधाबाई त्याच्या शेजारी मातीत बसल्या आणि कर्णा चालू असतानाच मोठ्यानं रडू लागल्या.